रहस्य कळल्यानंतर विकत घेतलेला चित्रपट

रहस्यपट विकत कशाला घ्यायचा, असे मला अनेकांनी विचारले आहे आणि हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. गाण्यांसाठी एखादा चित्रपट घरात असावा, हसण्यासाठी असावा, हे लोकांना सहज पटते. पण ज्या गोष्टीचा सारा भर शेवटी काय होणार या उत्सुकतेवर आहे, तिचा शेवट एकदा कळला की तिच्यात पुन्हा पाहण्यासारखे काय उरते? निव्वळ गुन्ह्याच्या तपासावर चालणाऱ्या चित्रपटांबाबत हा आक्षेप मला बराचसा मान्य आहे. प्रेमकथा आणि रहस्य एकमेकांत विणलेल्या चित्रपटांचे मात्र तसे नसते. तिथे प्रेक्षकापुढे दोन प्रश्न असतात. गुन्हा कोणी केला, हा पहिला; आणि समोरच्या या हव्याहव्याशा वाटणाऱ्या माणसावर विश्वास टाकावा की नाही, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर एकदाच मिळते आणि संपते. दुसरा प्रश्न नायिकेच्या चेहऱ्यावर, तिच्या थबकण्यात, तिच्या अर्धवट सोडलेल्या वाक्यांत घडत असतो, त्यामुळे उत्तर पाठ असले तरी तो दर वेळी नव्याने उभा राहतो.

माझ्यापुरते बोलायचे तर हे सारे मला एका चित्रपटाने शिकवले, तो म्हणजे स्टॅन्ली डोनन यांनी दिग्दर्शित केलेला १९६३ सालचा 'शराड'. कॅरी ग्रँट आणि ऑड्री हेपबर्न हे दोघे या एकाच चित्रपटात एकत्र आले. पहाटेच्या वेळी धावत्या आगगाडीतून एक मृतदेह खाली फेकला जातो, इथून चित्रपट सुरू होतो आणि लगेच मॉरिस बाइंडर यांनी रचलेली रंगीत बाणांची, वळशांची, चकव्यांची श्रेयनामावली हेन्री मॅन्सिनी यांच्या संगीतावर धावू लागते. घटस्फोटाच्या विचारात असलेली एक तरुणी सुट्टीवरून पॅरिसला परतते, तर तिचे घर भिंतींपर्यंत रिकामे झालेले असते आणि नवरा मेलेला असतो. त्याने कुठेतरी दडवलेल्या मोठ्या रकमेच्या मागावर तीन माणसे असतात. ती रक्कम हिच्याकडेच आहे, अशी त्यांची खात्री असते. आणि या सगळ्यात एक देखणा, मिस्कील, मदतीला तत्पर गृहस्थ तिच्या आयुष्यात येतो, ज्याचे नाव तिला दर थोड्या वेळाने नवेच कळत राहते. याहून अधिक सांगणे पहिल्यांदा पाहणाऱ्यावर अन्याय होईल, म्हणून इथेच थांबतो.

हा चित्रपट पहिल्यांदा पाहताना आपण नायिकेच्या बरोबरीने चालत असतो. तिला जेवढे माहीत, तेवढेच आपल्याला. ग्रँट हसला की आपल्यालाही हायसे वाटते आणि त्याने कोपऱ्यात जाऊन कोणाशी दबक्या आवाजात बोलायला सुरुवात केली की आपलाही जीव खालीवर होतो. दुसऱ्यांदा पाहताना आपण तिच्या पुढे गेलेलो असतो आणि मग नजर कथेवरून सुटून माणसांवर स्थिरावते. खोटे नाव सांगताना ग्रँटच्या डोळ्यांत नेमके काय होते, हे पहिल्या खेपेला दिसतच नाही, कारण ते नाव खोटे आहे हेच आपल्याला ठाऊक नसते. नवऱ्याच्या अंत्यविधीच्या प्रसंगी ती तीन माणसे एकामागून एक येतात आणि शवपेटीतला माणूस खरोखरच मेला आहे ना, याची प्रत्येक जण आपापल्या परीने खातरजमा करतो: एक त्याच्यावर शिंकतो, दुसरा नाकाशी आरसा धरतो, तिसरा सरळ टाचणी टोचतो. पहिल्या वेळी आपण हसतो. नंतरच्या वेळी लक्ष जाते ते त्या माणसांकडे पाहणाऱ्या हेपबर्नच्या चेहऱ्याकडे. आपला नवरा कोण होता हेच आपल्याला माहीत नव्हते, ही जाणीव तिथे हळूहळू पसरत जाते आणि चित्रपटातले पुढचे सारे प्रेम याच जाणिवेच्या पायावर उभे आहे, हे तेव्हा कळते.

म्हणूनच माझे म्हणणे असे आहे की असा चित्रपट उत्तम प्रतीत विकत घेण्याची गरज पहिल्या वेळेपेक्षा नंतरच्या वेळांसाठी अधिक असते. पहिल्या पाहण्यात कथा इतकी ओढून नेते की पडद्यावरचे चित्र धूसर असले, रंग विटलेले असले, तरी फारसे बिघडत नाही. मी स्वतः 'शराड' पहिल्यांदा पाहिला तो अशाच एका मळकट प्रतीत आणि तरीही जागचा हललो नव्हतो. दुसऱ्या खेपेपासून कथेचा आधार जातो. मग उरतात ते चेहरे, प्रकाश, वस्त्रे, जागा आणि आवाज. तेच जर नीट दिसत नसतील, ऐकू येत नसतील, तर मात्र आक्षेप घेणाऱ्यांचे बरोबर ठरते. मग पुन्हा पाहण्यासारखे खरेच काही उरत नाही.

आणि नेमका याच चित्रपटाच्या बाबतीत चांगली प्रत मिळवणे कठीण होऊन बसले, याला एक विलक्षण कारण आहे. अमेरिकेत तेव्हा १९०९ चा स्वामित्वहक्काचा कायदा लागू होता. त्या कायद्यानुसार प्रदर्शित कलाकृतीवर हक्काची सूचना ठरावीक रूपातच छापावी लागे: 'कॉपीराइट' हा शब्द, त्याचे संक्षिप्त रूप किंवा वर्तुळातले 'सी' हे चिन्ह, आणि सोबत वर्ष व हक्कधारकाचे नाव. 'शराड'च्या श्रेयनामावलीत रोमन अंकांत वर्ष आहे, युनिव्हर्सल कंपनीचे आणि डोनन यांच्या कंपनीचे नाव आहे, 'सर्व हक्क राखीव' अशी ओळही आहे. फक्त कॉपीराइट हा शब्द किंवा ते चिन्ह कुठेच नाही. तेवढ्या एका उणिवेमुळे हा चित्रपट प्रदर्शित होताक्षणीच अमेरिकेत सार्वजनिक मालकीचा झाला. सूचनेची ही सक्ती पुढे १९८९ मध्ये उठली, पण जे हातचे गेले होते ते गेलेच. दोन मोठे तारे, पॅरिसमधले चित्रीकरण, जिव्हाँशी या फ्रेंच वेशभूषाकाराचे कपडे, मॅन्सिनीचे संगीत असा सारा थाट असलेला चित्रपट एका शब्दावाचून कोणाचाच राहिला नाही.

कोणाचाच नाही म्हणजे सर्वांचा, असे म्हणून आनंद मानता येईल आणि एका अर्थी तो रास्तही आहे. अशा मोकळेपणामुळेच 'शराड' घरोघरी पोचला. ज्यांना तो चित्रपटगृहात पाहण्याची संधी कधी मिळाली नसती त्यांनाही तो अगदी स्वस्तात मिळाला. पण मालक नसलेल्या चित्रपटाची देखभाल करण्याची जबाबदारीही कोणावर नसते. ज्याच्या हाती जी प्रिंट लागली, तिच्यावरून त्याने कॅसेट आणि नंतर डिस्क काढली. दूरचित्रवाणीसाठी पूर्वी काढलेल्या सोळा मिलिमीटरच्या प्रिंट, त्यांच्यावरून केलेल्या प्रती, त्या प्रतींच्या पुन्हा प्रती, अशा साखळीतून चित्र जात राहिले आणि प्रत्येक कडीला थोडे थोडे झिजत गेले. बाहेरच्या खोक्यावर मात्र हेपबर्नचे सुंदर छायाचित्र आणि 'डिजिटली रीमास्टर्ड', म्हणजे संगणकावर नव्याने सुधारलेली, अशी ठसठशीत ओळ. या ओळीवर मी आता मुळीच विसंबत नाही. कोणत्या मूळ सामग्रीवरून काम केले, हे जोवर सांगितलेले नाही, तोवर रीमास्टर केले या म्हणण्याला काहीच अर्थ नाही. झिजलेली प्रिंट कितीही काळजीने संगणकात घेतली, तरी तिच्यातून हरवलेला तपशील परत येत नाही.

फरक किती पडतो, ते एका प्रसंगावरून सांगतो. चित्रपटाच्या सुरुवातीच्या भागात पोलीस निरीक्षक नायिकेसमोर तिच्या नवऱ्याच्या पिशवीतल्या वस्तू मांडतो. पैशाचे पाकीट, टिपणवही, प्रवासाचे तिकीट, एक पत्र, किल्ली, कंगवा, पेन, दात घासण्याचा ब्रश, दंतमंजन. सगळ्या अगदी रोजच्या, कोणाच्याही सामानात असाव्यात अशा वस्तू. पुढचा सारा चित्रपट या सामानाभोवती फिरतो. पहिल्या वेळी आपण ती यादी नायिकेइतक्याच बेफिकिरीने ऐकतो. पुढच्या वेळी आपली नजर तिथे खिळते, कारण लेखक पीटर स्टोन यांनी किती प्रामाणिकपणे सगळे आपल्यासमोर ठेवले होते, हे तेव्हा उमगते. माझ्याकडे काही काळ असलेल्या त्या मळकट प्रतीत हे सामान म्हणजे करड्या-तपकिरी रंगाचे काही डाग होते. पाकीट कुठे संपते आणि वही कुठे सुरू होते, ते कळत नसे. चांगल्या प्रतीत प्रत्येक वस्तू आपापल्या जागी स्वच्छ दिसते आणि मग लक्षात येते की दिग्दर्शकाने आणि छायाचित्रकार चार्ल्स लँग यांनी काहीही लपवले नव्हते. लपवले होते ते वाईट प्रतीने. रहस्यपटात प्रेक्षकाला सर्व पुरावे दाखवण्याची एक नीती असते आणि निकृष्ट डिस्क ती नीतीच मोडून टाकते, ही माझी खरी तक्रार आहे.

दुसरे उदाहरण शेवटाकडचे. मेट्रोतल्या पाठलागानंतर नायिका रात्री पॅले-रोयाल या पॅरिसमधल्या जुन्या राजवाड्याच्या खांबांच्या रांगांत येऊन पोचते. एकामागे एक दगडी खांब, त्यांच्या सावल्या, मधल्या मोकळ्या जागा, आणि त्या मोकळ्या जागेपलीकडे दोन पुरुष, दोघेही तिला सांगताहेत की माझ्यावर विश्वास ठेव. ही सगळी घालमेल जागेच्या भूमितीवर उभी आहे. ती कोणत्या खांबामागे आहे, कोणाच्या किती जवळ आहे, धावली तर कोणाच्या टप्प्यात येईल, हे दिसले तरच प्रसंग अंगावर येतो. वाईट प्रतीत काळा रंग सपाट होतो, खांब अंधारात विरून जातात आणि संवाद तेवढे ऐकू येत राहतात. चित्रपटाचा जो मूळ प्रश्न, की कोणावर विश्वास ठेवायचा, तो इथे अक्षरशः पावलांच्या अंतरात मोजला जातो. ते अंतरच पुसले गेले तर उरले काय?

चौकटीचेही तसेच. हा चित्रपट १.८५ : १ या रुंद प्रमाणात दाखवण्यासाठी रचलेला आहे. जुन्या चौकोनी दूरचित्रवाणी संचांसाठी काढलेल्या अनेक प्रतींत हे प्रमाण मोडलेले असते. कुठे बाजू कापल्या जातात, तर कुठे वरखाली नको तेवढे दाखवले जाते. प्रेमकथेत दोन माणसे एकाच चौकटीत किती जवळ वा दूर बसली आहेत, हा मजकुराचाच भाग असतो. सीन नदीवरच्या नौकेतल्या जेवणाच्या प्रसंगी नौकेवरचा प्रकाशझोत काठावरच्या बाकांवर बसलेल्या प्रेमी युगुलांवर फिरत जातो आणि नौकेतले हे दोघे ते पाहत असतात. पाहणारे, पाहिले जाणारे आणि मधला अंधार, अशी त्या प्रसंगाची बांधणी आहे. कडा कापल्या की ती बिघडते.

आवाजाबद्दल लोक फारसे बोलत नाहीत, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. चित्रपट दर सेकंदाला २४ चौकटी या गतीने चित्रित होतो, पण पाल या दूरचित्रवाणी पद्धतीच्या देशांत डीव्हीडीवर तो दर सेकंदाला २५ चौकटींनी चालवण्याचा प्रघात होता. त्यामुळे चित्रपट सुमारे चार टक्के लवकर संपतो. 'शराड'ची ११३ मिनिटे साधारण १०८ मिनिटांवर येतात. यात कापलेले काहीच नसते, पण सगळेच जरा घाईने होते आणि आवाज दुरुस्त केलेला नसेल तर पट्टी किंचित चढते. मॅन्सिनीच्या त्या संथ, उदास शीर्षकधूनीची पट्टी चढलेली ज्याने ऐकली आहे आणि नंतर मूळ पट्टीत ऐकली आहे, त्याला हा फरक सांगावा लागत नाही. ग्रँटचा आवाजही थोडा पातळ वाटतो, आणि या माणसाचा निम्मा मोह तर त्याच्या आवाजात आहे. ब्लू-रे या डीव्हीडीनंतर आलेल्या डिस्कवर सहसा मूळ २४ ची गती राखता येते. माझ्या मते जुने चित्रपट ब्लू-रेवर घेण्याचे हे एक फार दुर्लक्षित पण भक्कम कारण आहे.

आवाजाशीच निगडित आणखी एक गोष्ट या चित्रपटाच्या इतिहासात आहे. 'शराड' डिसेंबर १९६३ मध्ये, राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या हत्येनंतर जेमतेम दोन आठवड्यांनी न्यूयॉर्कमध्ये प्रदर्शित झाला. संवादांत राजकीय हत्येसाठी वापरला जाणारा शब्द हलक्याफुलक्या सुरात आला होता. त्या दिवसांत तो ऐकवणे शक्यच नव्हते, म्हणून घाईघाईने त्याजागी दुसरा, सौम्य शब्द ध्वनिमुद्रित करून बसवला गेला. पुढे घरगुती वापरासाठी निघालेल्या प्रतींपैकी काहींत बदललेला शब्द ऐकू येतो, तर काहींत मूळचा. नीट कान दिला तर बदललेल्या जागी ओठांची हालचाल आणि आवाज यांचा मेळ बसत नाही. मला दोन्ही प्रती मोलाच्या वाटतात; एकीत कलाकृती आहे तशी आहे आणि दुसरीत एका शोकाकुल देशाने तिच्यावर ठेवलेला हात आहे.

चांगली प्रत कोणती, याचे उत्तर या चित्रपटापुरते सोपे आहे, कारण एका संस्थेने त्याच्याकडे नीट लक्ष दिले. क्रायटेरियन कलेक्शनने त्याची डीव्हीडी १९९९ मध्ये काढली, २००४ मध्ये रुंद पडद्याच्या संचांसाठी सुधारून पुन्हा काढली आणि २०१० मध्ये ब्लू-रे आणली. या तीन पायऱ्यांत काय बदलले, ते आकड्यांत सांगता येते. पहिल्या डीव्हीडीत वरखालच्या काळ्या पट्ट्या चित्रातच साठवलेल्या होत्या, त्यामुळे उपलब्ध ४८० ओळींपैकी प्रत्यक्ष चित्राच्या वाट्याला ३४५ च्या आसपासच ओळी येत. दुसरीत जवळजवळ सगळ्या ओळी चित्राला मिळाल्या. ब्लू-रेवर चौकटीतल्या बिंदूंची संख्या डीव्हीडीच्या सुमारे साडेतीन लाखांवरून वीस लाखांच्या वर जाते, म्हणजे सहापट होते. अर्थात नुसती बिंदूंची संख्या वाढून भागत नाही. काही कंपन्या जुन्या चित्रपटातले फिल्मचे मूळ कण, म्हणजे पडद्यावर बारीक ठिपक्यांसारखे दिसणारा फिल्मचा पोत, संगणकाने घासून काढतात, म्हणजे चित्र आजच्यासारखे गुळगुळीत दिसावे. त्या कणांबरोबर कातडीचा पोतही जातो आणि माणसे मेणाच्या पुतळ्यांसारखी दिसू लागतात. ज्या चित्रपटात सारे काही चेहऱ्यांवर अवलंबून आहे, त्याच्याशी असे वागणे मला अक्षम्य वाटते. फिल्मचे कण दिसत असतील तर तो दोष समजू नये. बहुधा ते प्रत नीट काढल्याचेच लक्षण असते.

विकत घेताना एक व्यावहारिक अडचण मात्र ध्यानात ठेवावी लागते. डीव्हीडीसाठी जगाचे सहा प्रदेश पाडलेले आहेत, ब्लू-रेसाठी ए, बी आणि सी असे तीन, आणि एका प्रदेशाची डिस्क दुसऱ्या प्रदेशाच्या यंत्रावर चालेलच असे नाही. क्रायटेरियनची ही ब्लू-रे ए प्रदेशाची आहे. म्हणून डिस्क मागवण्याआधी आपले यंत्र कोणत्या प्रदेशाचे आहे, ते पाहून घ्यावे.

आता सगळे चित्रपट इंटरनेटवर मिळत असताना हा खटाटोप कशाला, असेही विचारले जाते. माझे उत्तर साधे आहे. तिथे आपल्याला चित्रपट मिळतो, प्रत निवडता येत नाही. 'शराड' सार्वजनिक मालकीचा असल्यामुळे तो असंख्य ठिकाणी फुकट दिसतो आणि त्यांतल्या बहुतेक ठिकाणी तीच झिजलेली, कापलेली, पट्टी चढलेली प्रत असते. चांगली प्रत जिथे असते, तिथे ती करार संपला की निघून जाते. हातातल्या डिस्कवर काय आहे, ते मला ठाऊक असते आणि ते उद्याही तेच असेल. घरात चित्रपट बाळगण्याचा हा हक्कसुद्धा आपोआप आलेला नाही. दूरचित्रवाणीवरचे चित्रपट घरी मुद्रित करणाऱ्या व्हिडिओ यंत्राविरुद्ध अमेरिकेत १९७६ मध्ये खटला भरला गेला, तो १९८४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने यंत्राच्या बाजूने निकाली निघाला. खटला भरणाऱ्यांत युनिव्हर्सलचाच स्टुडिओ होता. श्रेयनामावलीतल्या एका शब्दापायी एक चित्रपट गमावलेला हा समूह पुढे आपल्या चित्रपटांच्या घरगुती प्रतींबद्दल इतका जागरूक व्हावा, हे मला समजण्यासारखे वाटते. पण निकाल उलटा लागला असता, तर घरी बसून जुना चित्रपट पुन्हा पुन्हा पाहण्याची जी सवय आपल्या पिढीला लागली, ती कदाचित लागलीच नसती.

या डिस्कवर चित्रपटाखेरीज जे आहे, त्यातले मला सर्वांत प्रिय म्हणजे डोनन आणि स्टोन यांनी चित्रपट पाहता पाहता केलेले समालोचन. दिग्दर्शक आणि लेखक, दोघेही वयस्कर, एकमेकांना टोकतात, दुरुस्त करतात, आठवणींवरून हुज्जत घालतात. स्टोन २००३ मध्ये गेले आणि डोनन २०१९ मध्ये. आता ते दोन आवाज असे एकत्र या ध्वनिपट्टीवरच ऐकायला मिळतात. चित्रपट कसा झाला, याच्या कथाही चित्रपटाला साजेशा आहेत. स्टोन आणि मार्क बेम यांनी लिहिलेली पटकथा आधी स्टुडिओंनी नाकारली. मग स्टोन यांनी तिची कादंबरी केली, ती एका मासिकात क्रमशः छापून आली, आणि मग त्याच गोष्टीला मागणी आली.

ग्रँटसंबंधीची हकीकत तर सबंध चित्रपटाकडे पाहण्याची दृष्टीच बदलते. चित्रीकरणाच्या वेळी तो साठीच्या उंबरठ्यावर होता आणि हेपबर्न त्याच्याहून पंचवीस वर्षांनी लहान. इतक्या तरुण स्त्रीच्या मागे लागलेला पुरुष म्हणून आपण शोभणार नाही, असे त्याला प्रामाणिकपणे वाटत होते. तेव्हा स्टोन यांनी संवाद फिरवले आणि पुढाकार तिच्याकडे दिला. म्हणून या चित्रपटात ती त्याच्या मागे आहे, ती त्याला छेडते, ती जवळ येते आणि तो वयाचे निमित्त काढून मागे सरकतो. एका नटाच्या संकोचातून आलेला हा बदल रहस्याच्या दृष्टीने किती फायद्याचा ठरला, हे दुसऱ्या-तिसऱ्या वेळी पाहताना जाणवते. तो मागे सरकतो तेव्हा तो सज्जन आहे म्हणून सरकतो, की त्याला काही लपवायचे आहे म्हणून, हे तिला कळत नाही. तिचे प्रेम आणि तिचा संशय एकाच माणसाकडे, एकाच वेळी, एकाच वेगाने जात राहतात. पुरुष पाठलाग करतो आणि स्त्री घाबरते, अशी सरधोपट मांडणी असती, तर हेपबर्नला केवळ भेदरलेली नायिका उभी करावी लागली असती. इथे ती निवड करणारी आहे, तिची निवड चुकू शकते हे तिला ठाऊक आहे, आणि ते ओझे ती हसत हसत वाहते. ब्रिटिश अभिनेत्रीसाठीचा बाफ्टा हा ब्रिटनमधला चित्रपट पुरस्कार तिला याच भूमिकेसाठी मिळाला, यात मला काहीच आश्चर्य वाटत नाही.

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०२२ मध्ये जतन करण्याजोग्या चित्रपटांच्या राष्ट्रीय यादीत 'शराड'चा समावेश केला. स्वामित्वहक्काची नोंद ठेवणारे सरकारी कार्यालयही याच ग्रंथालयाचा भाग आहे, ही बाब मला फार बोलकी वाटते: ज्या संस्थेच्या दप्तरी या चित्रपटाची मालकी टिकली नाही, तिनेच त्याच्या जतनाची गरज मान्य केली. चित्रपटाची मूळ सामग्री सांभाळली गेली, तर तिच्यावरून अधिक चांगल्या प्रती निघत राहतील. उद्या मूळ निगेटिव्हवरून काळजीपूर्वक तयार केलेली, आजच्याहून सरस अशी प्रत आली, तर मी ती नक्की घेईन. घेण्यापूर्वी ती कशावरून तयार केली आहे, चौकट कोणती आहे, गती कोणती आहे आणि फिल्मचे कण शाबूत ठेवले आहेत की नाहीत, एवढे मात्र विचारीन. आणि जुनी डिस्क तरीही कपाटात ठेवीन, कारण डोनन आणि स्टोन यांचे ते भांडत भांडत केलेले बोलणे नव्या प्रतीवर असेलच, असे कोणी सांगितलेले नाही.